गाणं संपतं तिथं

बसा, टेका जरा. चहा उकळतोय तोवर एक गोष्ट सांगतो. भूतबित काही नाही तिच्यात, हे आधीच बोलून ठेवतो, नाहीतर मध्येच पाय वर घेऊन बसाल. एका साध्या माणसाच्या डोक्यात खडा शिरला आणि तो किती फिरला, एवढीच गोष्ट. तरी ऐका. असल्या गोष्टी कोण कुणाला सांगत नाही, म्हणून तर त्या राहून जातात.

दशरथ त्याचं नाव. भाईंदर पूर्वेला, नवघरच्या अंगाला, नीलधारा नावाच्या बिल्डिंगीत तळमजल्याला तो आणि त्याची बायको उर्मिला. नाव नीलधारा आणि पाणी टँकरचं, म्हणजे बघा. गोष्ट चौऱ्याण्णव सालची. रविवारची सकाळ, टँकर आलेला, पाइप दारातून आत घेतलेला म्हणून दार सताड उघडं. उर्मिला पिंपावर पाइप धरून उभी, दशरथ हॉलमध्ये खुर्चीवर पेपर घेऊन. आणि बाहेरून गाण्याचा आवाज आला. रेडिओचा नाही, भीक मागणारीचा नाही. पसरट, सपाट, एका दमाचा आवाज, शेतात लांबवर कुणी कुणाशी बोलत असावं तसा. बघतोय तर एक म्हातारी गुडघ्यापर्यंत कासोटा मारलेली, केसात अबोली, हातात पितळेचं ताट, पाइप ओलांडून सरळ आत. याच्याकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं नाही. आपण रस्त्यातलं झुडूप असावं तसं दशरथला वाटलं, आणि गंमत म्हणजे त्यानं मुकाट पाय आखडून घेतले, तिला वाट दिली. ती हॉलमधून गेली, किचनमध्ये गेली, आणि ओट्यापाशी गाणं संपलं. नळ बंद केल्यासारखं एकदम. म्हातारी ओट्याला हात टेकून खाली बसली, गॅसच्या सिलिंडरमागे विड्याचं पान ठेवलं, वर सुपारी, वर हळदीचे तांदूळ, आणि अगदी घरच्या माणसाशी बोलावं तसं भिंतीला बोलली, "लगीन हाय आमचे विनीचा. येवाचा हं. रुसून बसू नको."

पिंप भरून पाणी फरशीवर आलं तरी उर्मिलाच्या ध्यानात नाही. दशरथ म्हणाला, "आजी, कुणाकडं आलात? आमची काही ओळख..."

"तुला न्हाय रं बाला," म्हातारी उठता उठता म्हणाली, "तिला बोलवलाय."

आणि गेली. जाताना गाणं नव्हतं, नुसते पाय घासल्याचा आवाज.

आता तुम्हीच सांगा, तुमच्या किचनमध्ये सिलिंडरमागे कुणी "ती" आहे, आणि बाहेरची बाई येऊन तिला लग्नाचं आमंत्रण देऊन गेली, तर तुमच्या बायकोनं काय केलं असतं? उर्मिलानं दुपारच्या आत शेगडी हॉलमध्ये आणली. सिलिंडर तिनं हात लावून नाही, दशरथकडून सरकवून घेतला. टीव्हीच्या शेजारी पोळ्या लाटायला बसली. "स्मशान असणार इथं," ती म्हणाली. "नाहीतर कुणी बाई विहिरीत गेली असणार. आपल्याला बिल्डरनं सांगितलं का? तुम्ही विचारलंत का? टाइल्स कुठल्या रंगाच्या एवढंच विचारलंत." खरंच त्यानं एवढंच विचारलं होतं. "ती कोण ते शोधून काढा," उर्मिला म्हणाली, "नाहीतर मी दादाकडं डोंबिवलीला चालले. आणि परत येणार ती दुसऱ्या घरात." ती बोलायची म्हणून बोलणारी बाई नव्हती, हे त्याला ठाऊक होतं. हॉलभर फोडणीचा वास, पडद्यांना वास, त्याच्या ऑफिसच्या शर्टाला वास.

पण तिचं भ्यायचं निराळं आणि याचं निराळं. याला रात्रंदिवस एकच खाज, की काय असेल? फोर्टात ऑफिसात बसला तरी डोळ्यांपुढं ओट्याखालचा तो अंधारा कोपरा. अठ्ठ्याऐंशी साली तो जागा बघायला आला तेव्हा इथं काय होतं, हे आठवायला बघायचा. पांढरं होतं. एवढंच आठवायचं. उन्हात डोळे मिटावे लागतील असं पांढरं, चौकोन चौकोन, त्यात पाणी, आणि लांबवर पेंढ्यानं झाकलेले मिठाचे ढीग, बसलेल्या गाईंसारखे. मध्ये ही एकच बिल्डिंग उभी, प्लॅस्टर न झालेली. तेव्हा बिल्डरचा माणूस म्हणाला होता, बघा साहेब, समोर सगळं ओपन आहे. ओपन. म्हणजे काही नाही. आणि दशरथनंही ते मान्य करून टाकलं, की इथं काही नाही, आपण आलो की सुरू होणार. पुढं ट्रकांनी माती पडली, रस्ता आला, रस्त्याला खांब, खांबाला बिल्डिंगी. पण पांढऱ्यात माणसं होती की. काळीभोर, अनवाणी, फळी ओढणारी. खिडकीतून दोन वर्षं रोज दिसायची. ती कुठं गेली? एके दिवशी दिसेनाशी झाली, का रोज एकेक कमी होत गेली, हेसुद्धा त्याला सांगता येईना. आपण बघत होतो आणि आपल्याला दिसलं नाही, हे त्याला पेपरात मोठ्या अक्षरात आपलंच नाव छापून यावं तसं चमत्कारिक वाटायला लागलं.

त्याची स्वतःची जागा तर आणखी विचित्र झालेली. तो खेतवाडीतल्या चाळीतला, तिसऱ्या मजल्यावरचा. चाळ पाडली, टॉवर झाला. एकदा ऑफिस सुटल्यावर तो मुद्दाम गेला होता बघायला. समोरच्या फुटपाथला उभा राहून मान वर करून आपली खोली शोधत होता. खोली म्हणजे तिची जागा. आई जिथं शेवटी निजून होती ती खिडकीखालची कॉट, ती हवेत नेमकी कुठं असेल? समोरच्या जुन्या इमारतीची गॅलरी होती तशीच होती, तिच्या रेषेत बघितलं तर ती उंची टॉवरच्या दोन मजल्यांच्या मधोमध येत होती. स्लॅबच्या आत. सिमेंटमध्ये. तिथं कुणी राहत नाही, तिथं पोचता येत नाही, तिथं पान-सुपारी ठेवायला हात जात नाही. वॉचमन म्हणाला, "किस को ढूंढ रहे हो, अंकल?" हा म्हणाला, "कुछ नहीं." त्या दिवसापासून त्याच्या मनात पक्कं बसलेलं, की आपल्यासारख्यांच्या जागा अधांतरी. वर बांधल्या, वरच विरल्या. आणि आता ही म्हातारी. तिची जागा जमिनीवर होती आणि ती चालत चालत तिच्यापर्यंत आली, माझ्या टाइल्सवरून, माझ्या पायांवरून. रागवायचं का हेवा करायचा, हे त्याचं ठरेना.

विनी कुणाची, हे कळायला वेळ लागला नाही. बाळाराम केबलवाल्याची पोरगी, विनिता. बाळाराम म्हणजे नवघर गावातला, बाप-आजा मिठागरात, आणि हा गच्च्यांवरून वायरी टाकत फिरणारा. म्हातारी त्याची आई, सावित्री. दशरथनं चित्र दिसत नाही म्हणून खोटीच तक्रार केली आणि त्याला घरी बोलावला. बाळाराम टीव्हीमागं वाकला आणि शेजारी शेगडी बघून थबकला.

"भाभी, ये क्या, रसोई इधर?"

"तुमच्या आईला विचारा," उर्मिला लाटणं न थांबवता म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. बाळाराम हसत सुटला, नंतर हसायचा बंद झाला. "बाई न्हाय ओ ती! उघाडी ती, उघाडी. खाडीचं पाणी मिठागरात घ्यायला लाकडाची झडप असायची बांधाला. भरतीला उघडायची, मंग बंद. तिलाच आमी उघाडी बोलतो. आमच्यात लगीन निघालं का पयली अक्षत तिला."

"झडपेला आमंत्रण?" दशरथनं विचारलं.

"झडपेला म्हंजे पाण्याला ना, काका. मांडव पडायचा खालच्या जमिनीव. खाडी बाजूलाच. आय बोलते, पाहुनी म्हनून बोलवली तर दारात थांबल, पाय धुऊन जायल. न बोलवता आली तर चुलीपर्यंत येल. आयच्या बहिनीच्या लग्नात राह्यलं बोलवायचं, तं भात शिजलेलं पातेलं तरंगत गेलं बोलतात. वऱ्हाडी मागं, पातेलं पुढं. आता ती नीट बोलवली न्हाय तं आय मांडवात पाय न्हाय ठेवनार. हट्टी हाय. सोडा, तुमच्या डिशचं काय?"

त्या संध्याकाळी उर्मिलानं नुसता चहा आत जाऊन केला, म्हणजे दशरथकडून सिलिंडर सरकवून घेतला, शेगडी आत नेली, चहा केला, सगळं परत बाहेर. दुसऱ्या दिवशी भातही आत, आणि मग सिलिंडर-शेगडी आपल्या जागेवर आतच राहिली. "पाणीच आहे ना," ती म्हणाली, "मग असू दे. आपल्याकडं टँकरशिवाय कुठं येतंय." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. डोंबिवलीचं नाव मागं पडलं. दशरथची मात्र छाती थोडी पुढं आली, खोटं कशाला बोलू. ऑफिसात डबा खाताना त्यानं दोघातिघांना सांगितलं, आमच्या ओट्याखाली खाडीचा दरवाजा आहे. ते हसले, हाही हसला, पण आत एक गार गार सुख. सकाळी दात घासताना तो सिलिंडरमागं डोकवायचा. पान सुकून तपकिरी झालेलं, तांदूळ तसेच. भरतीची वेळ असेल तेव्हा फरशी जास्त गार लागते, असंही त्याला वाटायला लागलं. इथं यायला आपल्याला उशीर झाला होता, पण आलो ते बरोबर दारावर आलो, असं काहीतरी. माणसाला एवढंसं पुरतं.

ते सुख गुणवंतभाईनं घालवलं. रस्त्यानं पुढं गेलं की गुणवंतभाईचं किराण्याचं दुकान. दशरथ साबण आणायला गेला आणि फुशारकीनं तिथंही सांगायला लागला. गुणवंतभाई काट्यात साखर टाकता टाकता म्हणाला, "अरे, वो माजी? मेरे यहाँ भी आयी थी ना, बाळाराम के भतीजे की शादी में. गाते गाते सीधा अंदर, चावल की बोरी के पीछे सुपारी रखी. मैंने तो शकुन समझ के रहने दिया. धंधा बी अच्छा चला हां."

साबण हातात तसाच. दुकान कुठं आणि नीलधारा कुठं! मध्ये आख्खं मैदान जाईल. एक झडप दोन ठिकाणी कशी? दशरथ घरी न जाता तडक गावात गेला. म्हातारी अंगणात सुके बोंबील निवडत बसलेली. याला बघून ओळखीचं हसली, जणू पाहुण्यांच्या घरचा माणूस आलाय.

"आजी, ती जागा तुम्ही ओळखता कशी? खूण काय?"

"मना कशाला खून? गाना हाय ना." म्हातारीनं बोंबलाचं डोकं मोडलं. "देवलाच्या पायरीव सुरू करायचा. बांधाबांधानं चालत जायाचा. गाना संपला क उघाडी. माजे सासूनं दिला मना, तिला तिचे सासूनं. काळोख असला, डोले मिटले, तरी चुकायची न्हाय. आता बांधाचा रस्ता केला मेल्यांनी, पन गाना काय बुजवता येतंय?"

"बरोबर," दशरथ म्हणाला.

"निवांत हाय मी आता. बोलवलाय ना तिला. आता मांडव घातला तरी चालल. थांब, तुला च्या देतंय." आणि ती उठली. हात गुडघ्यावर, गुडघा जमिनीवर, एक पाय, मग श्वास, मग दुसरा. अंगणातून चुलीपर्यंत ती जात होती आणि दशरथ बघत होता. एक पाऊल. थांबायचं. एक पाऊल. चहाचं पाणी ठेवेपर्यंत तो मनात तिची पावलं मोजत होता. गाणं तेवढंच होतं. पाय तेवढे राहिले नव्हते, तेवढ्याच गाण्यात ते आता कमी वाट चालत होते.

तो चहा कसा प्याला त्याला आठवत नाही. परत येताना रस्ताभर त्याच्या डोक्यात ती झडप चालत होती. लाकडाची, शेवाळलेली, चिखलातून पाय उपटत. म्हातारी तरुण होती तेव्हा झडप होती तिथं होती. मग नातवाच्या लग्नाला ती गुणवंतभाईच्या दुकानापर्यंत मागं आली. आता माझ्या ओट्यापर्यंत. पुढच्या लग्नाला ती देवळाकडच्या बिल्डिंगीतल्या मनोरमाबाईंच्या जिन्यात असेल, त्याच्या पुढच्याला देवळाजवळच्या पिंपळाशी, आणि एके दिवशी म्हातारी देवळाच्या पायरीवर उभी राहील, गाणं म्हणेल, आणि उघाडी तिच्या पायांशीच येऊन बसेल. जागा माणसाकडं चालत येत होती. खेतवाडीच्या त्याच्या जागेनं असं काही केलं नव्हतं, ती वर राहून गेली होती, अडकून. म्हणजे माझ्या किचनमध्ये काही नाहीच. काही नव्हतंच. मुठीत धरलेलं पाणी निघून जावं तसं त्याला झालं, आणि त्याच्यामागून लगेच दुसरं, की अरे, म्हणजे तिला आमंत्रण गेलेलंच नाही. लग्न तोंडावर. पाणी खरंच मांडवात येईल असं त्याला वाटत नव्हतं, मांडव तर आता पुरुषभर उंच भरावावर पडणार होता. पण म्हातारी निवांत होती, आणि तो निवांतपणा खोट्या जागेवर उभा होता, हे जगात एकट्या त्याला माहीत. सांगावं? सांगायचं म्हणजे काय सांगायचं? आजी, तुमचे पाय गेले? ती लग्नाच्या मांडवात पाय ठेवणार नाही, आणि पुन्हा गायला निघाली तरी गाणं तिथंच संपणार. न सांगावं? मग तो सिलिंडरमागचा तांदूळ रोज त्याच्याकडे बघणार.

त्यानं ते उर्मिलाला सांगितलं. वाटलं, म्हणेल, सुटलो एकदाचे. ती म्हणाली, "आपल्याकडं नाही ती?" आणि तिचा चेहरा उतरला. थोडा वेळ ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, "मग खरी कुठं असेल हो?"

तोच खडा आता तिच्याही डोक्यात.

बाळारामकडं आईच्या गाण्यांची कॅसेट होती, पुतण्याच्या हळदीत टेप केलेली, त्यात हेही गाणं. दशरथनं ऐकायला म्हणून मागून आणली. दुपारी रस्त्याला माणूस नसतं त्या वेळेला दोघं देवळाशी गेली. टेपरेकॉर्डर दशरथच्या ऑफिसच्या बॅगेत, आवाज बारीक. पहिल्यांदा हाच चालायला लागला, तर उर्मिला म्हणाली, "अहो, तुम्ही स्टेशन गाठायला निघाल्यासारखे काय चालताय? बाईच्या हातात ताट असतं. द्या इकडं." खरंच तिनं घरून ताट आणलं होतं. पान, सुपारी, हळदीचे तांदूळ. त्याला न सांगता तिनं ते केलं होतं. पुन्हा पायरीपासून. बॅगेत म्हातारी गायला लागली, खाडीतल्या खेकड्याला या म्हणाली, बगळ्याला या म्हणाली, बांधावरच्या तिवराला या म्हणाली, आणि उर्मिला चालू लागली. दशरथ मागून. त्यानं बायकोला असं चालताना कधी बघितलं नव्हतं. घाई नाही, रेंगाळणं नाही. पिंपळ मागं पडला, तोच जिन्यातून मनोरमाबाई ओरडल्या, "अगं उर्मिला, उन्हाची कुठं चाललीस ताट घेऊन?" उर्मिलानं वळून बघितलं, थांबली, तोंडातून "अं" निघालं, आणि गाणं बॅगेत पुढं निघून गेलं. "गेलं," ती म्हणाली. "सगळं गेलं." परत पायरीपासून. मनोरमाबाई वरून बघतायत, कपाळाला हात. या खेपेला नीलधारा आलं आणि मागं पडलं. आपल्या घराच्या दारावरून जाताना दशरथनं कुलपाकडं बघून घेतलं. गुणवंतभाईचं दुकान आलं, त्यानं हात वर केला, तेही मागं पडलं. गाणं संपेना. रस्ता संपत आला तरी संपेना. पुढं पत्रे ठोकलेले, आत नव्या बिल्डिंगीचा खड्डा. उर्मिला पत्र्याच्या फटीतून सरळ आत, कडेच्या मातीवर चढली, दोन पावलं, आणि गाणं थांबलं.

खाली खड्ड्यात पाणी होतं. पंप लावून वॉचमन पाणी काढत बसलेला. "ओ मॅडम, इधर किधर?"

"ये पानी किधर से आता है?" दशरथनं विचारलं.

"मालूम नहीं साब. रोज निकालता है, रोज आता है. दो टाइम. खारा है, हाथ धोने के बी काम का नहीं."

दशरथला एकदम विचारावंसं वाटलं, कुठल्या टाइमाला, भरतीच्या का? पण त्याची नजर मातीतल्या उर्मिलाच्या पावलांवर गेली. आणि मग वाटलं, ही चाल तरी कुणाची? उर्मिलाची. तरुण सावित्रीची अशीच होती कशावरून? तिच्या सासूची? एखादी उंच असेल, एखादी दिवस गेलेली असेल. म्हणजे उघाडी कधीच एका जागी नव्हती काय? का ज्या बाईनं गाणं म्हटलं तिच्या पायांइतकी ती दर वेळी हालत होती, आणि लाकडाची ती एक झडप म्हणजे नुसता मधला मुक्काम? हे सगळं उर्मिलाला सांगायला त्यानं तोंड उघडलं. ती खाली बसली होती, मातीत पान ठेवून, त्यावर सुपारी. गिरगावातली बाई, तिला यांची भाषा येत नव्हती. ती आपल्याच भाषेत पाण्याला म्हणाली, "विनिताचं लग्न आहे. नक्की यायचं. मागं आमच्याकडं आमंत्रण आलं होतं, ते तुमचंच होतं, आम्ही ठेवून घेतलं. राग मानू नका." दशरथनं तोंड मिटलं.

लग्न झालं. पाणी आलं का नाही मला विचारू नका, मांडवाच्या मागं गटार तुंबलं होतं एवढं खरं, आणि सावित्रीम्हातारी त्यात पाय बुडवून हसत उभी होती, असं बघितलेली माणसं आहेत. तिला कुणी काही सांगितलं नाही. ती आपली गाणं संपेल तिथं अक्षत ठेवते, अजून. जागा सरकत सरकत गावाकडं चाललीय. आणि तिची पाठ वळली की दुसऱ्या दुपारी उर्मिला ताट घेऊन पायरीवरून निघते. कॅसेट आता लागत नाही, गाणं तिला पाठ झालंय. हल्ली तिचंही एक पाऊल जड पडतं, असं दशरथ म्हणतो, पण तिच्यासमोर म्हणत नाही.

तर एवढंच करा. कधी तिकडं गेलात आणि भर उन्हात एखादी बाई ताट घेऊन, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत येताना दिसली, ओळखीची असो नसो, तर तिला हाक मारू नका. रिक्षात असाल तर भोंगा वाजवू देऊ नका. बाजूला व्हा, आणि तिचं गाणं संपेपर्यंत तिला चालू द्या.